नोराबाई गुडघेकर

नोराबाईला सगळ्याचीच भीती वाटायची. डोअरबेलची, फोनची, लिफ्टची, जिन्यावर वाजणाऱ्या बुटांची, आणि कुणी अगदी सहज विचारलं की "घरात कोण कोण असतं?" तर त्या प्रश्नाची तर फारच. शारजात रोल्ला भागात आम्ही समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी आणि ती एकाच शाळेत, मी गणित शिकवायची, ती इंग्रजी. शाळेनेच त्या जुन्या इमारतीत शिक्षकांसाठी काही घरं घेतली होती. खाली गुजरात्याचं साड्यांचं दुकान, शेजारी मल्याळी माणसाचं किराणा, आणि या सगळ्यात चौथ्या मजल्यावर ही पन्नाशी ओलांडलेली, उंच, हडकुळी, पिकल्या लाल केसांची आयरिश बाई. एकटी, लग्न न केलेली. ती इथे का आणि कशी येऊन पडली ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

पहिल्या दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन तिची बेल वाजवली. आत पावलं थांबली. दाराच्या भिंगामागे अंधार झाला, म्हणजे कुणीतरी डोळा लावला होता. मी हसले, ताट वर करून दाखवलं. दार काही उघडेना. शेवटी मी म्हटलं, "नोरा, मी समोरची, गणिताची." तेव्हा कुठे साखळी निघाली. ताट हातात घेऊन ती मला समजावून सांगायला लागली, की बेल वाजवत जाऊ नकोस, आधी आवाज दे. बेल कुणालाही वाजवता येते, आवाज ज्याचा त्याचा असतो. माझ्या सासूबाई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! बिचारीला कुणीतरी लहानपणी भेदरवलेलं दिसतंय." सासूबाईंचा अंदाज बहुतेक वेळा चुकायचा, पण हा बरोबर निघाला.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. शाळेत, फोनवर, जिन्यात, कुणीही काहीही विचारलं की ती पांढरीफटक पडून म्हणायची, "मला काही सांगता यायचं नाही." इकडच्या मॅडम कुठे गेल्यात? सांगता यायचं नाही. हा डबा कुणाचा? सांगता यायचं नाही. एकदा नववीच्या मुलांनी केमिस्ट्री लॅबची काच फोडली. फोडणारा कोण ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. प्रिन्सिपल मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तिला विचारलं. नोराने टेबलाची कड घट्ट धरली आणि तेच वाक्य म्हटलं. मॅडम संतापल्या. "मिस नोरा, यू आर अ टीचर ऑर व्हॉट?" नोरा तशीच उभी राहिली, पण नाव तिच्या तोंडून निघालं नाही. मुलांना ती देवमाणूस वाटायची. मला आधी वाटलं हा हट्ट आहे. नंतर कळलं, ती मॅडमना घाबरत नव्हती. ती स्वतःच्या जिभेला घाबरत होती.

गुरुवारी दुपारी शाळा सुटली की शुक्रवारच्या सुट्टीचं वारं लागायचं. तेव्हा मी तिच्याकडे चहाला जायची. ती स्वयंपाकघरात बसायची, भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड करून. दाराला पाठ करून बसलेलं मी तिला कधी पाहिलं नाही. काळाकुट्ट चहा, त्यात दूध, आणि मग गोष्टी. तिचं इंग्रजी वर-खाली जाणारं, हेल काढणारं. मी आपल्या मराठीतच सांगते.

तिच्या गावाकडच्या या गोष्टी सगळ्या पाद्र्यांच्या. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिच्या देशावर इंग्रजांचं राज्य होतं आणि राज्यकर्त्यांचा पंथ वेगळा. कॅथलिक पाद्र्यांना मोकळेपणी राहायला, मिस्सा, म्हणजे त्यांची चर्चमधली उपासना, करायला बंदी. पकडून देईल त्याला बक्षीस. त्यामुळे पाद्री नांगऱ्याच्या, फेरीवाल्याच्या, गवंड्याच्या वेषात हिंडायचे, आणि लोक डोंगरातल्या एखाद्या सपाट दगडाभोवती जमून गुपचूप मिस्सा करायचे. टेकडीवर कुणीतरी राखण करत बसायचं. तिच्या गावाबाहेर असा दगड अजून आहे. त्यावर दोन खळगे आहेत. शिपाई आले तरी मिस्सा अर्धी न सोडता गुडघ्यावर बसून राहिलेल्या पाद्र्याचे ते गुडघे. त्यात कायम पाणी असतं आणि त्या पाण्याने चामखीळ जाते. आजी तिला लहानपणी तिकडे न्यायची. पण पाण्यात बोट बुडवताना मागे वळून बघायचं नाही. बघितलंस तर पाद्री धरणारा मागे उभा असतो.

"मग तू कधी बघितलंस का?" मी विचारलं.

"छे! म्हणून तर माहीत नाही तो अजून तिथे आहे की नाही," नोरा म्हणाली. ती हे हसून म्हणत नव्हती.

दुसरी गोष्ट पडद्याची. मिस्सा चालू असताना पाद्री आणि लोकांच्या मध्ये चादर धरायची. म्हणजे उद्या कुणी शपथेवर विचारलं की मिस्सा कुणी केली, तर सांगता यावं, आम्ही त्याचं तोंड पाहिलं नाही. मी म्हटलं, "आमच्यात लग्नात असा अंतरपाट धरतात." तर ती गंभीरपणे म्हणाली, "कुणापासून लपवायला?"

तिसरी गोष्ट बुटांची, आणि ती ऐकून त्या रात्री मला स्वतःला झोप लागली नाही. एकदा डोंगरात मिस्सेला बरीच माणसं जमली होती. गरीब माणसं, सगळी अनवाणी. पाद्री डोळे मिटून प्रार्थना म्हणत होता. एका लहान पोराने आईच्या शालीतून खाली बघितलं, तर गुडघे टेकून बसलेल्यांच्या रांगेत एका माणसाच्या तळव्यांना खिळे होते. बूट. तोही सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणत होता, शब्दन् शब्द बरोबर म्हणत होता. नोराने इथे चहाचा कप खाली ठेवला. तिची एक सवय मला तेव्हा उलगडली. नवा माणूस भेटला की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, मग तोंडाकडे.

मी एकदा तिला न राहवून म्हटलं, "अगं, पण इथे तर तुमचं चर्च उघड उघड चालतं. राजानेच जागा दिलीय. दर शुक्रवारी हजारभर माणूस जातं. आमचंसुद्धा दुबईला देऊळ आहे. इथे तुला कोण धरणार आहे?" ती चर्चला जायची, पण शेवटच्या बाकावर, दाराजवळ. ती म्हणाली, "मला इथली माणसं वाईट वाटत नाहीत गं. मला माणूस विचारतो ना, त्याची भीती वाटते. कुठलाही माणूस, कुठेही." मला हे तेव्हा काही झेपलं नाही.

आता पाध्ये गुरुजींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यामुळे हे सगळं घडलं. पाध्ये राजापूरकडचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते. कंपनीचा व्हिसा, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, राहायला कॅम्प. पण घराणं भटजींचं, त्यामुळे मंत्र तोंडपाठ. शुक्रवारी ते कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे बारसं करायचे. गणपतीत अबूधाबीकडच्या मुसफ्फाच्या कॅम्पातल्या कोकणी पोरांकडेही जायचे. घरात पूजा करायला कुणाची हरकत नव्हती. आम्ही आपले हळू आवाजात आरती म्हणायचो, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. धोका होता तो पाध्यांना. ज्याचा व्हिसा त्याच्याकडेच काम, असा कायदा. बाहेर दुसरं काम करताना सापडलं की खलास, व्हिसा रद्द आणि घरी रवानगी. मुसफ्फाचा एक प्लंबर असाच गेला होता, आणि ती बातमी आमच्या सगळ्या मराठी घरांत फिरली होती. दोन मुली शिकत असलेल्या पाध्यांना हे परवडणार नव्हतं. म्हणून ते कंपनीच्या निळ्या कव्हरऑलमध्ये, डोक्याला कंपनीची टोपी आणि हातात टूल बॅग घेऊन यायचे. बॅगेत पान्याऐवजी सोवळं आणि पळी-पंचपात्र.

नोराने त्यांना पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं त्या दिवशी ती साखर मागायला आली होती. निळ्या कव्हरऑलमधला माणूस बेडरूममध्ये गेला आणि पितांबर नेसून, गंध लावून बाहेर आला. सासूबाईंनी पदर खांद्यावरून घेतला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. नोरा वाटी छातीशी धरून मागे सरकली. "हा प्रीस्ट आहे," ती कुजबुजली. "हा नांगऱ्याच्या कपड्यात आलेला प्रीस्ट आहे." आणि साखर न घेताच ती समोरच्या दारात शिरली.

संध्याकाळी तिने मला बोलावलं. साखळी लावली, पडदा ओढला, आणि तिच्या घराण्याची गोष्ट सांगितली. ती मी तिच्याकडून एकदाच ऐकली.

त्यांच्या घरात एक पाद्री लपला होता, घरचा नांगऱ्या म्हणून. हिवाळाभर त्याने त्यांच्याबरोबर खरंच शेतात काम केलं, हाताला घट्टे पडले. रोज सकाळी घरातलं लहानात लहान मूल त्याच्यासमोर एक गुडघा टेकवायचं आणि तो आशीर्वाद द्यायचा. एका सकाळी शिपाई दारात आले. नांगऱ्या टेबलाशी बसून बटाटे खात होता. त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. तेवढ्यात घरातली सहा-सात वर्षांची मुलगी अंगणातून आत आली. तिने शिपाई बघितलेच नाहीत. रोजच्यासारखी ती नांगऱ्यासमोर गेली आणि तिने गुडघा टेकला.

"बस. एवढंच," नोरा म्हणाली. "ती एक शब्द बोलली नाही. फक्त वाकली. त्याला फासावर दिलं."

ती मुलगी नोराच्या आजीच्या आजीची कुणीतरी. तेव्हापासून गावात त्या घराला 'गुडघेवाल्यांचं घर' म्हणतात. आजही काही गुपित बोलायचं असलं की तिकडची माणसं म्हणतात, गुडघेवाल्यांसमोर नको. म्हणजे आमच्याकडे आडनाव पडलं असतं गुडघेकर. मी हे गमतीने म्हटलं, पण ती खिन्नपणे म्हणाली, "हो, तेच माझं खरं आडनाव." मग तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. "तुझ्या सासूला सांग, त्या माणसापुढे वाकू नका. निदान निळे कपडे अंगावर असतील तेव्हा तरी." मी घरी येऊन हे सांगितलं, तर सुधीर, माझा नवरा, पोट धरून हसला. सासूबाई म्हणाल्या, "गुरुजींना नमस्कार करायचा नाही म्हणजे काय! सत्तर वर्षांची सवय आहे या कंबरेची, आता ती थोडीच ऐकणार आहे?"

त्याच मोसमात सासूबाई परत जायच्या आधी आमच्याकडे सत्यनारायण ठरला. शुक्रवारची सकाळ. वीसेक माणसं आली. बाहेर चपलांचा ढीग दिसू नये म्हणून आम्ही सगळ्यांच्या चपला बाथटबमध्ये ठेवायचो, तशा ठेवल्या. मल्याळ्याकडून केळीची पानं आणली. नोराला बोलावलं होतं, ती येईल असं वाटलं नव्हतं. पण ती आली, अनवाणी, आणि एक खुर्ची ओढून थेट दारासमोर बसली. सगळे चौरंगाकडे तोंड करून बसलेले, आणि ही एकटी दाराकडे. मी तिला पुढे बोलावलं. ती म्हणाली, "कुणीतरी टेकडीवर बसायला हवं ना."

कथेचा चौथा अध्याय अर्धा झाला असेल. बेल वाजली. एकदा नाही, बोट दाबून धरल्यासारखी.

नोरा आधीच उठली होती. तिने भिंगाला डोळा लावला आणि वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं. "खाकी," ती म्हणाली. "वायरलेस. बूट."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं सगळ्यांचं एकदम झालं. पाध्ये गुरुजी उठून बेडरूममध्ये गेले आणि सोवळ्यावरच कव्हरऑल चढवून बाहेर आले. कपाळावर गंध तसंच. नोराने पुढे होऊन त्यांच्या डोक्यावर टोपी दाबली, पार भुवयांपर्यंत. सुधीरने एक स्टूल खिडकीतल्या एसीखाली ठेवलं. पाध्ये त्याच्यापाशी उभे राहिले. मग सुधीरने दार उघडलं.

माणूस मोठा होता. खाकी शर्ट, कमरेला वॉकीटॉकी, पायात जाड काळे बूट. तो सरळ आत आला, बुटांसकट. घरभर अनवाणी पाय आणि त्यात ते बूट. त्याने माणसं बघितली, चौरंग बघितला. मग म्हणाला, "सलाम अलेकुम. इधर कितना आदमी रहता है?"

"हम चार लोग, सर," सुधीर म्हणाला. "ये सब फ्रेंड्स हैं. आज छोटा-सा फॅमिली फंक्शन है, यू नो, लंच वगैरे..." सुधीर घाबरला की त्याला थांबता येत नाही. कुणी न विचारताच तो पुढे म्हणाला, "और ये एसी मेकॅनिक है. एसी खराब हो गया ना."

आ बैल मुझे मार! त्या माणसाची नजर तोवर पाध्यांवर गेलीसुद्धा नव्हती. ती आता गेली.

"जुम्मे को मेकॅनिक?" तो म्हणाला. "बिल्डिंग का मेकॅनिक तो दूसरा है. तुम कौन कंपनी? बताका है?"

बताका म्हणजे लेबर कार्ड. पाध्यांच्या कार्डावर गाड्यांच्या वर्कशॉपचं नाव आणि स्टोअरकीपर असं लिहिलेलं. ते दाखवलं की संपलं. पाध्ये खिसे चाचपायला लागले. माझ्या मनात एकच आलं, त्यांच्या धाकटीची यंदा दहावी आहे.

आणि तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना कमी ऐकू यायचं. आत शिरा ढवळत होत्या, त्यांना बेल, खाकी, यातलं काहीच माहीत नव्हतं. हातात ताट, ताटात नारळ आणि पंचा. गुरुजी उभे दिसले म्हणजे पूजा आटोपली असं त्यांना वाटलं. कव्हरऑल असो नाहीतर पितांबर, त्यांच्या दृष्टीने गुरुजी ते गुरुजी. त्यांनी ताट खाली ठेवलं, पदर खांद्यावरून पुढे घेतला, आणि त्या त्यांच्याकडे निघाल्या. मला ओरडता येईना. इतक्या वयाची बाई एसी मेकॅनिकच्या पाया पडली तर कुठला माणूस विचारणार नाही?

सासूबाई वाकायला लागल्या.

नोराने गळ्यात हात घातला आणि हिसडा दिला. ती कायम कपड्याच्या आत जपमाळ घालायची, आजीची, काळ्या काचेच्या मण्यांची, दोऱ्यात ओवलेली. दोरा तुटला. मणी फरशीवर पडले आणि खडखडत चौरंगाखाली, सोफ्याखाली, सगळीकडे पळाले. "माझी प्रार्थनेची माळ!" ती ओरडली. ज्या बाईला मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, ती घर दणाणून टाकणाऱ्या आवाजात ओरडली. "पाय देऊ नका! उचला!" आणि ती स्वतः सासूबाईंच्या शेजारी, पाध्यांच्या पायाशी, दोन्ही गुडघ्यांवर पडली.

मग सगळेच वाकले. वीस माणसं खाली वाकून मणी शोधायला लागली. सासूबाईंचा हात पाध्यांच्या पायाला लागला, तो त्यांनी तसाच कपाळाला लावला, पण त्या गर्दीत ते कुणाला दिसणार! मी वर बघितलं, तर तो खाकी माणूसही वाकला होता. "अस्तगफिरुल्ला," तो म्हणाला, "तस्बीह है, तस्बीह!" म्हणजे जपमाळ. मण्यांवर पाय पडू नये म्हणून तो बूट न हलवता, मोठं पोट सावरत, एकेक मणी वेचत होता. तळहातात जमलेले मणी त्याने फुंकर मारून साफ केले आणि नोराच्या ओंजळीत घातले. "माफी मुश्किल, मदाम," तो हळू आवाजात म्हणाला, म्हणजे काही काळजी नको. "फिर से बनेगा, इन्शाल्ला."

त्याने मग तिलाच विचारलं, "आप भी इधर का है? ये सब को जानता है?"

नोराने मान वर केली. तिने तेच वाक्य म्हटलं, की मला काही सांगता यायचं नाही. त्याला ते बहुधा कळलं नाही, किंवा म्हातारी घाबरली आहे असं समजून त्याने सोडून दिलं. कमरेचा वायरलेस खरखरला, खालून कुणीतरी अरबीत काही बोललं. "यल्ला," चला, असं म्हणून तो निघून गेला. कार्डाचं तो विसरला होता.

पुढे काय? पाध्ये गुरुजींनी बेडरूममध्ये जाऊन पुन्हा पितांबर सारखं केलं आणि म्हणाले, "वहिनी, बसा सगळे. अध्याय अर्धा ठेवता येत नाही." कथा झाली, आरती झाली, प्रसाद झाला. गुरुजींनी दोनदा शिरा मागून घेतला. जाताना हसत म्हणाले, "देव पाठीशी होता म्हणायचा!" मला त्यांचा राग आला. देव असेलही, पण डोळ्यांसमोर तरी नोराच होती. ती तेव्हा आमच्या बाथरूममध्ये उलटी करत होती. माझी मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "आई, मिस इज शेकिंग. शी वोन्ट लेट गो ऑफ द बीड्स." मी आत गेले तर ती चपलांनी भरलेल्या टबाच्या कडेवर बसली होती. मी तिला जवळ घेतलं. मी आजवर पाहिलेली सगळ्यात शूर बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखी कापत होती.

मला वाटलं होतं की आता तिच्या मनातली ती जुनी गोष्ट पुसली जाईल. गुडघेवाल्यांच्या मुलीने या वेळी पाद्र्याला वाचवलं की! मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "त्याने माझा चेहरा बघितला. माळ तुटलेली बाई त्याच्या लक्षात राहणार. तो परत येईल आणि मलाच विचारेल." रोज शाळेत मधल्या सुट्टीत ती मला गाठायची. पाध्ये बरे आहेत? कामावर आहेत? आहेत, म्हटलं की तिचा दिवस जायचा. आम्ही कुणी नातूरला, म्हणजे इमारतीच्या राखणदाराला, विचारायला धजलो नाही की तो माणूस कोण होता. विचारलं तर संशय यायचा. तिचा चहा सुटला. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की ती वर्गातले निबंध तपासायचे सोडून आतल्या खोलीत जाऊन बसायची. ती वाळत चालली होती, आणि मला तिची काळजी वाटायला लागली होती.

मग तिने राजीनामा दिला. वर्ष संपायच्या आत. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, आता सगळं संपलं, कुणी आलं नाही, कुणी येणार नाही, तू कशाला जातेस? तिने शांतपणे सांगितलं, "मी इथे नसले तर मला कुणी विचारू शकणार नाही. मला नाही विचारलं तर मी सांगणार नाही. एवढं साधं आहे गं." पाध्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता की त्यांच्यासाठी कुणी आपली नोकरी सोडून निघालंय. ते मजेत होते, शुक्रवारी पूजा सांगत होते.

ती निघाली त्या सकाळी नातूर तिच्या बॅगा गाडीत ठेवत होता. ती वर कुलूप लावत होती. नातूर माझ्याशी बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, आपका बाथरूम का पाईप अब ठीक है ना? उस दिन नीचे फ्लॅट में पूरा पानी टपका था. वो पानीवाला साहब चेक करने आया था, जुम्मे को. आप के घर में बहोत मेहमान था, तो शरम से कुछ बोला ही नहीं."

मला हसू फुटलं, आणि डोळ्यात पाणीही आलं. पाण्याच्या खात्याचा माणूस! घरात किती माणसं राहतात ते त्याने विचारलं ते पाणी किती वापरतात म्हणून, आणि बताका मागितला तो इमारतीबाहेरचा मेकॅनिक दिसला म्हणून. विमानतळापर्यंत मी गप्प राहिले, कारण सुधीर गाडी चालवत होता आणि मला हे तिला एकटीला सांगायचं होतं. तिच्या मनावरचं ओझं माझ्या हातून उतरणार, याचा मला खरोखर आनंद झाला होता.

आत जायच्या दाराशी मी तिला सगळं सांगितलं. पाईप, गळती, नातूर, सगळं. "नोरा, तो पाण्यासाठी आला होता गं! नुसत्या पाण्यासाठी!"

ती हसेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती हसली नाही. तिला आश्चर्यही वाटलं नाही.

"आजी गोष्ट सांगायची ना," ती म्हणाली, "ते शिपाई का आले होते ते ती सगळ्यात शेवटी सांगायची. घोड्यांना पाणी हवं होतं त्यांना. दुसरं काहीच नको होतं."

तिने माझा गाल थोपटला, बॅग उचलली आणि आत गेली. काचेपलीकडे ती मला थोडा वेळ दिसत होती, घाईघाईने, कुणाला धक्का न लावता चालणारी. मी हात हलवत राहिले. तिने मागे वळून पाहिलं नाही.